जांभळ्या ओळींचा हिशोब

गेल्या वर्षी मी दोन संकल्प एकाच सुईला बांधले. वर्षभरात ५२ पुस्तकं वाचायची, आणि प्रत्येक पुस्तक संपलं की क्रोशाच्या ब्लँकेटमध्ये तीन ओळी विणायच्या. पुस्तक संपलं नाही, तर नवी ओळ नाही.

रंग आधीच ठरवले होते. कादंबरीला लाल, कवितेला हळदी पिवळा, अनुवादाला हिरवा, इतिहास आणि चरित्राला मातकट. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाला पांढऱ्या लोकरीची एकच ओळ. आणि डोळ्यांनी न वाचता फोनवर ऐकलेल्या पुस्तकाला जांभळा. चार मिलिमीटरची सुई, आडवे १९० खांब. क्रोशात खांब म्हणजे सुईवर वेढा घेऊन घातलेला उभा टाका. तीन ओळी साधारण साडेतीन सेंटिमीटर भरतात. म्हणजे ५२ पुस्तकांचं ब्लँकेट होतं १८२ सेंटिमीटर. वर्षभराचं वाचन एका माणसाच्या अंगावर पुरेल एवढं.

यातली कल्पना माझी नाही. रोजच्या तापमानाप्रमाणे रंग बदलून दिवसाला एक ओळ विणायची, अशी 'टेम्परेचर ब्लँकेटं' जगभरातल्या विणणाऱ्या बायका कधीच्याच करतायत. वर्षाला अमुक पुस्तकं, हे आव्हान 'गुडरीड्स'ने २०११मध्ये सुरू केलं आणि तेव्हापासून दर जानेवारीत आपल्या फोनवर आकड्यांची जत्रा भरते. या दोन्हींची सांगड कुणीतरी घालणारच होतं.

वाईत मी हे सांगितलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी दोन शब्दांत विषय संपवला. "म्हणजे नेम धरलायस."

तो शब्द डोक्यात राहिला. 'गोल', 'टार्गेट', 'चॅलेंज' असं म्हटलं की गोष्ट कालची वाटते. 'नेम' म्हटलं की ती एकदम दोन-तीनशे वर्षं मागे जाते. आणि मग एक प्रश्न सुटता सुटेना. वर्षाच्या मध्यावर माझ्या ब्लँकेटमध्ये जांभळा रंग सगळ्यात जास्त झाला होता. मैत्रिणीने फोटो बघून लिहिलं, "ऐकलेली धरू नकोस गं, ती काय वाचलेली नाहीत." हे खरं आहे का? कुणाचं वाचन मोजायचं आणि कुणाचं नाही, हे ठरवलं कुणी? त्याचं उत्तर शोधायला गेले आणि कृष्णेच्या काठाकाठाने बरीच लांब आले.

अध्याय आणि वाती

नेम म्हणजे ठरलेलं, मोजलेलं, रोजचं वाचन. चातुर्मासात कुणी रोज शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचायचं, कुणी ज्ञानेश्वरीच्या ठरावीक ओव्या. ज्ञानेश्वरीचे अध्याय १८ आणि ओव्या सुमारे ९ हजार, त्यामुळे वर्षाचं गणित मांडणं सोपं. सगळ्यात काटेकोर वेळापत्रक गुरुचरित्राच्या सप्ताहाचं. पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी एकोणतिसाव्यापर्यंत, मग पस्तीस, अडतीस, त्रेचाळीस आणि सातव्या दिवशी समाप्ती. नेहमीच्या प्रतींमध्ये ५२ अध्याय आणि शेवटी अवतरणिका. माझ्या ५२ पुस्तकांचा आकडा आठवड्यांवरून आला होता, पण तो इथे आधीच बसलेला होता.

आजच्या कुठल्याही 'रीडिंग प्लॅन'मध्ये असतं ते सगळं यात आहे. एकूण आकार ठाऊक आहे, रोजचा वाटा ठरलेला आहे, चुकवलं तर मनाला लागतं आणि पूर्ण झालं की गोडधोड होतं.

फक्त या वेळापत्रकात बायका कुठे होत्या? गुरुचरित्र बायकांनी वाचू नये, असा प्रघात होता आणि अनेक घरांत आजही पाळतात. बायकांनी ऐकावं. ऐकताना हात रिकामे कशाला ठेवायचे, म्हणून त्या वाती वळायच्या.

पोथी चालू आहे, समोर पिंजलेल्या कापसाचा ढीग आहे आणि मांडीवर वात वळली जाते आहे, हे चित्र जुन्या मराठी घरांना नवीन नाही. देवळातलं पुराण असो की कीर्तन, बायकांच्या बाजूला कापसाची पिशवी असायचीच. वाईला तर श्रवणाची सोय भरपूर. कृष्णेवर घाट, घाटांवर देवळं आणि थंडी सरताना आळीआळीने साजरा होणारा कृष्णाबाईचा उत्सव. त्यात कीर्तन-प्रवचनं होतात, मांडव पडतात, गाव ऐकायला बसतं.

वातींचाही नेम असतो. सगळ्यात मोठा लक्ष वातींचा. एक लाख वाती वळायच्या आणि देवापुढे लावायच्या. मी हिशोब करून पाहिला. चातुर्मासाचे १२० दिवस धरले तर रोज ८३३ वाती होतात. मिनिटाला आठ वळल्या तरी रोजचे पावणेदोन तास. माझ्या सगळ्या ब्लँकेटमध्ये १९० गुणिले तीन गुणिले ५२, म्हणजे २९,६४० खांब आहेत. लाखाचा तिसरा हिस्सासुद्धा भरत नाही.

म्हणजे वर्षाचा आकडा, ग्रंथाचा ठरलेला वाटा आणि हाताचं मोजून केलेलं काम, तिन्ही गोष्टी एका खोलीत होत्याच. फक्त त्या एका माणसाच्या नव्हत्या. वाचन एकाचं, वाती दुसरीच्या. पारायण पूर्ण झालं की वाचणाऱ्याच्या नावावर ग्रंथ जमा व्हायचा. ऐकणारीच्या नावावर वाती.

निरक्षर

माझी पणजी अशा घरात वाढली. तिला पांडवप्रताप, हरिविजय आणि शिवलीलामृत या श्रीधरस्वामींच्या तिन्ही ग्रंथांतल्या गोष्टी क्रमाने ठाऊक होत्या, असं घरात सांगतात. वाचणाऱ्याने पान चुकवलं तर ती हातातली वात तशीच ठेवून टोकायची. तिला अक्षरओळख नव्हती.

जनगणनेत ती 'निरक्षर'. यात जनगणनेचं काही चुकलं असं नाही. समजून वाचता आणि लिहिता येणं ही साक्षरतेची व्याख्या आहे आणि ती मोजायला सोपी आहे. १९०१च्या जनगणनेत भारतातल्या साक्षर स्त्रियांचं प्रमाण शेकडा एकपेक्षाही कमी भरलं. तो आकडा लाज वाटावी असा आहे आणि ती लाज वाटायलाच हवी. पण त्यातून एक चुकीचं चित्र मनात बसतं. उरलेल्या नव्व्याण्णव जणींच्या आयुष्यात ग्रंथ नव्हताच, असं.

ग्रंथ होता. तो कानाने आत येत होता. आपल्याकडे नवविधा भक्तीची यादी श्रवणापासून सुरू होते, वाचनापासून नाही. मनात वाचणं, एकट्याने, ओठ न हलवता, ही सवय छापील पुस्तकं स्वस्त झाल्यावर घरोघर पसरली. त्याआधी वाचन म्हणजे बहुतेक वेळा मोठ्याने वाचन. एका पोथीला दहा-पंधरा वाचक असायचे, आणि त्यातल्या बहुतेकांचे हात कामात असायचे.

भाषेतही याच्या खुणा आहेत. 'ओवी' हा शब्द ओवण्याशी जोडला जातो. 'ग्रंथ'मध्ये गुंफण्या-बांधण्याचा धातू आहे, म्हणून 'ग्रंथी' म्हणजे गाठ. 'सूत्र' म्हणजे दोरा. आणि 'कोश' म्हणजे शब्दांचा किंवा ज्ञानाचा साठा, तसंच रेशमाच्या किड्याने स्वतःभोवती केलेलं घरही. लिहिणं आणि दोऱ्याचं काम यांचं नातं आपल्या भाषेने कधी तोडलेलंच नाही. ते तुटलं ते शाळेत.

सुई की पुस्तक?

क्रोशा आपल्याकडे बाहेरून आला. 'क्रोशे' हा फ्रेंच शब्द, अर्थ छोटा आकडा. मराठीने त्याला आपला 'आ' लावून 'क्रोशा' केला. एकोणिसाव्या शतकात हे काम युरोपभर पसरलं. आयर्लंडमध्ये १८४५नंतरच्या भीषण दुष्काळात क्रोशाच्या लेसवर कितीतरी घरांनी पोट भरलं. त्याच शतकात मिशनरी बायकांबरोबर सुया, दोरे आणि नमुने हिंदुस्थानात आले. मुलींच्या शाळांत वाचन, लेखन, गणित आणि शिवण-विणकाम असे तास एकाच वेळापत्रकात बसले.

सुरुवातीला ही जोडी सोयीची होती. मुलीला शाळेत कशाला पाठवायचं, या प्रश्नाला 'शिवण शिकेल' हे उत्तर घरात चालून जायचं. 'वाचायला शिकेल' हे चालायचं नाही. सुईच्या आडून अक्षर घरात शिरलं.

पण हीच सुई पुढे अक्षराविरुद्धही वापरली गेली. १८८४मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, जे आज हुजूरपागा म्हणून ओळखलं जातं. न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक ही मंडळी त्यामागे होती. लगेच अभ्यासक्रमावर वाद पेटला. टिळकांच्या 'मराठा' पत्राने टीका केली. मुलींना शाळेत इतके तास अडकवून इंग्रजी वगैरे शिकवण्यापेक्षा घरसंसाराला उपयोगी पडेल असं शिकवावं, हा त्या टीकेचा सूर होता. घरसंसाराला उपयोगी म्हणजे काय, याच्या यादीत सुई असायचीच.

तेव्हापासून सुई आणि पुस्तक एकमेकांसमोर उभे राहिले. विणणारी ती घरंदाज, वाचणारी ती शेफारलेली. शंभर वर्षांनंतर याच वाटणीची दुसरी बाजू निघाली. शिकलेल्या बायकांच्या एका पिढीने विणकाम मुद्दाम टाकून दिलं, कारण ते 'बायकी' होतं. माझ्या आईने मला सुई हातात धरू दिली नाही ती याच कारणाने. "तू वाच," एवढंच ती म्हणायची. तिचा राग मला आता कळतो. तिच्या लहानपणी उलटं वाक्य कुणीतरी तिला पुष्कळदा ऐकवलेलं होतं.

कृष्णेच्या खोऱ्यातल्या चौघी

या वादाचा नकाशा काढायचा तर पुण्या-मुंबईकडे बघायची आपल्याला सवय आहे. पण त्यातल्या कितीतरी वाटा आमच्या सातारा-सांगलीतूनच निघतात.

वाईच्या शेजारचा तालुका खंडाळा. त्यात नायगाव. सावित्रीबाई फुले यांचा जन्म तिथला, १८३१चा. लग्नानंतर त्या शिकल्या, १८४८मध्ये पुण्यात भिडेवाड्यातल्या शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या आणि १८५४मध्ये 'काव्यफुले' हा कवितासंग्रह त्यांच्या नावाने छापून आला. शिकणं, शिकवणं आणि लिहिणं, तिन्ही गोष्टी तेवीस वर्षांच्या आत.

कृष्णेबरोबर खाली सांगलीकडे गेलं की आष्टा लागतं. काशीबाई कानिटकर १८६१मध्ये तिथे जन्मल्या. लहानपणीच लग्न झालं, नवरा इंग्रजी शिकलेला. त्या वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, बऱ्याचशा स्वतःच्या हिमतीवर, आणि पुढे 'रंगराव' कादंबरी आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र लिहिलं.

आणि देवराष्ट्रे. आज सांगली जिल्ह्यात आहे. रमाबाई रानडे यांचा जन्म तिथे १८६२मध्ये झाला. अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला आल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती. नवरा शिकवायला बसायचा आणि घरातल्या बायका त्यावरून बोलून हैराण करायच्या. हे सगळं त्यांनी १९१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या पुस्तकात लिहिलं आहे. ते वाचताना सगळ्यात जास्त बोचतं ते हे, की वाचण्याबद्दल टोमणे मारणाऱ्याही बायकाच होत्या. पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. त्यांना आयुष्यभर हेच सांगितलं गेलं होतं, की ग्रंथ ऐकायचा असतो आणि हात कामाला लावायचे असतात. एका मुलीने उठून पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं, तेव्हा त्यांच्या लाखो वातींचा हिशोबच मोडला.

याच रमाबाईंनी १९०९मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथे लिहिण्या-वाचण्याच्या वर्गांबरोबर शिवणाचे वर्गही चालवले. सुई त्यांना शत्रू वाटली नाही. विधवा किंवा टाकलेल्या बाईला ती चार पैसे मिळवून देणारी होती. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनातही हेच दिसतं. तिथल्या मुली हस्तकाम शिकत आणि छापखानाही चालवत. पंडिता रमाबाईंनी मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर त्या छापखान्यात या बायकांच्या हातांनी जुळवलं गेलं. एका हाताला टाके, दुसऱ्या हाताला खिळे, आणि दोन्हींत काही भांडण नाही.

चौथी बाई माणूस नाही, मासिक आहे. पलूसजवळ किर्लोस्करवाडी आहे. लोखंडी नांगरांच्या कारखान्याभोवती १९१०मध्ये वसलेली. तिथून शंकरराव किर्लोस्करांनी १९२०मध्ये 'किर्लोस्कर' आणि १९३०मध्ये 'स्त्री' सुरू केलं. माळरानावरच्या कारखान्याच्या गावातून बायकांसाठी मासिक निघावं आणि ते मराठी घराघरांत जावं, ही आपल्या वाचनाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. पुढच्या काळात बायकांच्या नियतकालिकांत कथा, लेख, पाककृती आणि विणकामाचे नमुने शेजारी शेजारी छापून यायला लागले. एका मांडीवर मासिक उघडं, दुसऱ्या मांडीवर लोकरीचा गुंडा. नमुना वाचल्याशिवाय विणता येत नाही, म्हणून विणण्यासाठी वाचायचं. आणि पान उलटलंच आहे तर पुढची कथाही वाचायची.

कोशांच्या गावात आकड्याचं काय करायचं

आकड्यांबद्दल बोलायला वाईइतकी चांगली जागा नाही. गंगापुरीत विश्वकोशाचं कार्यालय आहे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६०मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी त्याचं अध्यक्षपद वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींकडे दिलं. (यशवंतरावांचा जन्मही देवराष्ट्र्याचाच. एकाच गावाने हे दोन्ही दिलं.) विश्वकोशाचा पहिला खंड आला १९७६मध्ये. विसावा २०१५मध्ये. म्हणजे २० खंडांना ३९ वर्षं, सरासरी दोन वर्षांना एक. तर्कतीर्थ १९९४मध्ये गेले, त्यांना शेवटचा खंड दिसला नाही.

त्याआधी इथेच, नारायणशास्त्री मराठ्यांच्या म्हणजे पुढच्या केवलानंद सरस्वतींच्या प्राज्ञपाठशाळेत धर्मकोशाचं काम उभं राहिलं होतं. त्याचा पहिला भाग १९३७मध्ये छापून झाला. या गावात मोठी कामं ओळीवर ओळ अशीच झालेली आहेत. आज किती नोंदी झाल्या, उद्या किती, हे कुणीतरी मोजलंच असणार. मोजल्याशिवाय २० खंड होत नाहीत.

म्हणून मला 'वाचन मोजायची गोष्टच नाही' हे म्हणणं पटत नाही. मोजणं वाईट नाही. कशासाठी मोजतोय हे विसरणं वाईट. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आकडा भरायला पातळ पुस्तकं शोधणारे आपण सगळे एकमेकांना ओळखतो. पोथीच्या काळातही अर्थ न कळता भरभर पानं उलटणारे होते आणि त्यांची टिंगल करणारेही होते. ब्लँकेटने मला इथे एक मदत केली. तीन ओळी विणायला मला सव्वा तास लागतो. पुस्तक कितीही पातळ असलं तरी सव्वा तास. त्यामुळे ६० पानांचं पुस्तक वाचून पटकन एक आकडा वाढवायची गंमतच गेली. त्या सव्वा तासात नुकतं संपलेलं पुस्तक डोक्यात फिरत राहतं. फोनवरच्या ॲपमध्ये 'पूर्ण' हे बटण दाबायला एक सेकंद लागतो, आणि पुस्तकही तेवढ्याच वेगाने विसरतं.

एक नियम मी वाईकर म्हणून घातला. विश्वकोशाचे खंड आता फोनवर फुकट वाचता येतात. त्यातल्या १०० नोंदी वाचल्या की एक पुस्तक धरायचं. वर्षभरात अशा दोन पट्ट्या झाल्या, दोन्ही मातकट. एक वाईच्या घाटावर बसून वाचलेल्या नोंदींची. दुसरी बरीचशी भिलारला. पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या पुढे गेलं की हे स्ट्रॉबेरीचं गाव लागतं. मे २०१७मध्ये ते 'पुस्तकांचं गाव' झालं, वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचलेली कल्पना. तिथे कुणाच्याही घराच्या पडवीत बसून पुस्तक वाचता येतं. मी विणत बसले होते आणि त्या घरातल्या आजी शेजारी येऊन बसल्या. त्यांनी विणकाम हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "एवढे रंग कशाचे?" मी सांगितलं. मग त्यांनी जांभळ्या पट्टीवर बोट ठेवलं. "ही ऐकलेली? मग ही आमची."

जांभळा धरायचा

मैत्रिणीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. जांभळा धरायचा. पूर्ण तीन ओळी, एकही टाका कमी नाही.

कारण विचाराल तर साधं आहे. क्रोशा विणताना डोळ्यांनी पुस्तक वाचता येत नाही. खांब मोजायचे असतात, नाहीतर कड वाकडी जाते आणि सगळं उसवावं लागतं. म्हणून एका पुस्तकाच्या ओळी विणताना पुढचं पुस्तक कानात चालू असतं. २०१७च्या अखेरीस 'स्टोरीटेल' मराठीत आलं तेव्हापासून हे सोपं झालं. लोकांना ही नवी सोय वाटते. मला ती आपली सगळ्यात जुनी वाचनाची पद्धत वाटते. फरक एवढाच, की वाचून दाखवणारा आता इअरफोनमध्ये बसतो आणि कुठला ग्रंथ लावायचा हे मी ठरवते.

हा फरक लहान नाही. पणजीने काय ऐकायचं हे घरातल्या पुरुषाने ठरवलं. कुठला ग्रंथ तिने वाचायचा नाही हेही दुसऱ्यांनीच. आईला सुई आणि पुस्तक यांतलं एक निवडावं लागलं. माझ्या हातात दोन्ही आहेत आणि त्यासाठी मला कुणाला विचारावं लागलं नाही. नायगाव, आष्टा, देवराष्ट्रे इथून निघालेल्या बायकांनी जे सोसलं ते यासाठी. ऐकलेलं पुस्तक हिशोबात धरायचं नाही असं म्हटलं, तर साक्षरतेच्या त्या रकान्याने पणजीला जसं बाहेर ठेवलं, तसंच मी माझ्या हाताने तिला पुन्हा बाहेर ठेवते.

अजून एक गोष्ट आहे, ती टिकण्याची. लाख वाती महिनोन्‌महिने वळायच्या आणि तुपात भिजवून लावून टाकायच्या. सकाळी काळी राख. त्या व्रताचा अर्थच तो आहे, आणि त्यात सौंदर्यही आहे, पण बाईने वर्षभर मोजून केलेल्या कामाचं मागे काहीच उरत नाही. जात्यावरच्या ओव्यांचंही तेच व्हायचं होतं. पीठ डब्यात गेलं की ओवी हवेत गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून त्या गोळा केल्या म्हणून एक लाखाहून जास्त ओव्या आज नोंदलेल्या आहेत, आणि 'पारी'च्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी त्या बायकांच्याच आवाजात ऐकता येतात. दळताना गाणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव, तिची ओवी. लाख वाती जळाल्या, लाख ओव्या राहिल्या. कुणीतरी मोजल्या आणि लिहून ठेवल्या म्हणून राहिल्या.

माझं ब्लँकेट काही ओव्यांच्या तोडीचं नाही. बाजारातल्या दुकानातून आणलेली साधी ॲक्रिलिकची लोकर आहे, जिला आपण सवयीने लोकर म्हणतो. माण-खटावच्या मेंढीशी तिचा काही संबंध नाही. पण त्यात एका वर्षात एका बाईने काय वाचलं, काय ऐकलं आणि काय अर्ध्यावर सोडलं, याची नोंद आहे. लाल १४, पिवळ्या ६, हिरव्या ८, मातकट ११, जांभळ्या १३. बरोबर ५२. वर चार पांढऱ्या ओळी, त्या पुस्तकांची नावं सांगत नाही.

या वर्षी तुम्ही असा नेम धरणार असाल, तर रंग तुमचे तुम्ही ठरवा. आकडा ५२च पाहिजे असं नाही, १२सुद्धा चालतील. मग पुस्तकाला सात ओळी घाला, ब्लँकेट लहान बाळाला पुरेल. विणता येत नसेल तर साखळी आणि खांब एवढं दोन संध्याकाळींत जमतं, घरात नाहीतर शेजारी शिकवणारं कुणीतरी असतंच. फक्त एक रंग राखून ठेवा. मी यंदा केशरी ठेवला आहे. आपण कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवलेल्या पुस्तकांसाठी. शेजारच्या काकूंची दृष्टी आता अधू झाली आहे. चातुर्मास लागला की रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जायचं ठरलंय. त्यांनी वाती वळायच्या, मी वाचायचं. कुठलं पुस्तक, ते त्या सांगणार आहेत.